कोरा सडा, नकाशात नसलेली घळ आणि उणे उंची दाखवणारा फोन: समोच्च रेषा नेमक्या कशा वाचाव्यात?

गुहागरची शिक्षिका

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. स्थलनिर्देशक नकाशाचा पाठ दरवर्षी फळ्यावरच होतो. एकात एक बंद समोच्च रेषा म्हणजे टेकडी, दाट रेषा म्हणजे तीव्र उतार, विरळ रेषा म्हणजे सपाटी, एवढे मुले पाठ करतात आणि परीक्षेत बरोबर लिहितातही. यंदा प्रथमच आमच्या भागाचा १:५०,००० प्रमाणाचा तक्ता, म्हणजे नकाशाचे एक पान, मिळवला, त्याची मोठी छापील प्रत काढली आणि नववीच्या मुलांना घेऊन शाळेमागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेले. तेथे तीन गोष्टींचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून येथे विचारते आहे.

पहिली गोष्ट सड्याची. नकाशात १०० मीटरची रेषा सड्याला कडेकडेने वेढा घालते आणि तिच्या आत काहीच नाही, १२०ची रेषाही नाही. मी मुलांना सांगितले होते की ही कोरी जागा म्हणजे सपाट कातळ. प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर चालल्यावर आमच्यासमोर एक घळ आली, जी मला अंदाजे दहा-बारा मीटर खोल वाटली आणि जिच्या कडेला मुलांना थांबवून ठेवावे लागले. नकाशात त्या जागी एकही रेषा वळलेली नाही. नकाशा चुकला आहे की माझे वाचन?

दुसरी गोष्ट इंग्रजी व्हीसारख्या वळणांची. पुस्तकात डोंगराच्या सोंडेवरही तसेच वळण दाखवतात आणि दरीतही तसेच. मुले दर वेळी गोंधळतात. शिवाय आमच्या खाडीच्या दोन्ही बाजूंनी २०ची रेषा समांतर जात राहते आणि तक्त्याच्या कडेपर्यंत खाडी ओलांडतच नाही. मग तेथे वळण शोधायचे कोठे?

तिसरी गोष्ट फोनची. परतताना आम्ही जेटीवर थांबलो. एका मुलाने फोनवर उंची पाहिली तर आकडा उणे साठच्या पुढचा होता. पाणी आमच्या पायांखाली दोन मीटरांवर होते. मुले माझ्याकडे पाहत राहिली आणि मी "घरी जाऊन सांगते" असे म्हणाले. आता मला नीट कळल्याशिवाय त्यांच्यासमोर उभे राहायचे नाही.

निवृत्त सर्वेक्षक

बाई, आपल्या पहिल्या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देतो, कारण माझी बरीच वर्षे या रेषांतच गेली. नकाशा चुकलेला नाही. कोरी जागा म्हणजे सपाटी, हा जो अर्थ आपण सगळेच शाळेत शिकतो, तो मात्र कोकणात फार फसवा आहे.

समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून एका ठरावीक उंचीवर असलेल्या सर्व जागा जोडणारी रेषा. आपल्या तक्त्यावर दोन लगतच्या रेषांमधले उंचीचे अंतर २० मीटर आहे आणि दर पाचवी रेषा, म्हणजे १००, २००, ३०० अशी, जाड काढलेली आहे. याचा अर्थ असा की नकाशाकार जमिनीला फक्त एकच प्रश्न विचारतो: तू २०च्या पटीतली उंची कोठे ओलांडतेस? जमिनीने ती ओलांडली नाही तर तिच्याविषयी रेषा काहीही बोलत नाही. आपला सडा १०० आणि १२० यांच्या मध्ये आहे. त्याचा माथा ११५वर असला आणि घळीचा तळ १०२वर असला, तर तेरा मीटरांची घळ दोन रेषांच्या मधल्या मौनात पूर्णपणे मावते. तत्त्वतः एकोणीस मीटरांची घळही मावेल.

आता समजा घळ पुढे उतरत उतरत १००च्या खाली गेली. तेव्हा १००च्या रेषेने आत वळायला हवे, पण तेथे दुसरी मर्यादा येते, ती प्रमाणाची. १:५०,००० या प्रमाणावर नकाशातला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. वीस मीटर रुंदीची घळ कागदावर ०.४ मिलिमीटर होते, म्हणजे रेषेच्या स्वतःच्या जाडीपेक्षा थोडीशीच अधिक. एवढे बारीक वळण काढता येत नाही आणि काढले तरी वाचता येत नाही, म्हणून ते गाळले जाते. यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो. त्या प्रमाणाचा नकाशा तेवढेच सांगू शकतो.

कोकणात हे इतके ठळकपणे का जाणवते, तेही मुलांना सांगावे. आपला सडा म्हणजे जांभ्याचे कठीण कवच आहे. माथा दूरवर जवळजवळ एका पातळीत राहतो आणि कडेला एकदम तुटतो. त्यामुळे नकाशात मध्ये मोठी कोरी जागा आणि भोवती २०, ४०, ६०, ८०, १०० अशा रेषांची दाटी, असे चित्र राजापूरपासून दापोलीपर्यंत पुन्हा पुन्हा दिसते. पावसाचे पाणी मात्र त्या कवचाच्या भेगांतून आणि कडेवरून मागे मागे कापत येते आणि अशा अरुंद, उभ्या काठांच्या घळी तयार होतात. शिवाय जांभ्याचे चिरे काढणाऱ्या चिरेखाणी आहेतच. तक्त्याच्या समासात सर्वेक्षणाचे वर्ष छापलेले असते, ते अवश्य वाचावे. त्यानंतर खणलेली खाण रेषांमध्ये असणार नाही, आणि कित्येक सड्यांवर आज चालणाऱ्याला घळीपेक्षा खाणच आधी आडवी येते.

म्हणून रेषा जेथे गप्प असतात तेथे तक्त्यावरच्या इतर खुणा वाचायच्या. काळ्या बारीक रेषेने दाखवलेला, उन्हाळ्यात कोरडा पडणारा पऱ्या, म्हणजे लहान ओढा, सड्याच्या आतवर घुसलेला असेल तर तेथे घळ आहे असे धरून चालावे. ठिपक्याशेजारी लिहिलेली उंची त्या बिंदूची नेमकी उंची सांगते, आणि त्रिकोणाशेजारचा आकडा हा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या बिंदूचा असल्याने तो अधिक भरवशाचा. आकड्यापुढे रोमन लिपीतले लहान आर हे अक्षर दिसले, उदाहरणार्थ '६ आर', तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नसते. बांध, कडा किंवा वाळूची टेकडी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तेवढी उंच वा खोल आहे, असा त्याचा अर्थ. हे अक्षर न पाहिल्यामुळे चांगले चांगले लोक गोंधळतात.

आणखी एक. वर्गात आपण छेद, म्हणजे जमिनीचे बाजूने दिसणारे चित्र, काढून घेत असाल. कागदाची पट्टी ठेवून रेषांच्या खुणा करायच्या आणि उंची आलेखावर मांडायची, ही पद्धत उत्तमच आहे. पण आडवे प्रमाण १ सेंटिमीटरला ५०० मीटर आणि उभे प्रमाण १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतले की चित्र पाचपट ताणले जाते. समजा सड्याच्या कडेला २० ते १०० या रेषा नकाशात ४ मिलिमीटरांत बसल्या आहेत. म्हणजे २०० मीटरांच्या आडव्या अंतरात ८० मीटरांची चढण, अर्थात सुमारे २२ अंशांचा उतार. मुलांच्या छेदात तोच उतार ६३ अंशांचा दिसेल आणि त्यांना तो कडाच वाटेल. छेदाखाली "उभे प्रमाण पाचपट" असे लिहायला लावावे.

खाडीकाठचा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. मी चिपळूणकडचा आहे, नद्यांच्या काठाने फिरण्याची आवड आहे, आणि वळणांचा हा गोंधळ मलाही पुष्कळ दिवस होता.

वळणाचा आकार पाहून ठरवू नये, आकडे पाहून ठरवावे. वळणाचे टोक ज्या बाजूला आहे तिकडे उंची वाढत असेल तर ती दरी, म्हणजे आपला पऱ्या किंवा व्हाळ. टोकाच्या बाजूला उंची कमी होत असेल तर ती सोंड. याचे कारण मुलांना असे समजावता येते: पऱ्याच्या पात्रात जमीन खचलेली असते, म्हणून काठावर ४० मीटर उंचीवर चालणाऱ्या माणसाला तीच उंची टिकवायची असेल तर पऱ्याशी आल्यावर वरच्या अंगाला, उगमाकडे जावे लागते, पात्र ओलांडावे लागते आणि पुन्हा खाली काठाकाठाने परत यावे लागते. सोंडेवर याच्या उलट, त्याला पुढे वळसा घ्यावा लागतो. हे एकदा पायांना कळले की पुस्तकातली आकृती पाठ करावी लागत नाही. दोन दऱ्यांची टोके समोरासमोर आली आणि दोन्ही अंगांना बंद रेषांच्या टेकड्या असल्या, तर ती खिंड. आपल्या जुन्या पाखाड्या आणि घाटवाटा बहुतेक अशाच जागांतून जातात.

आता खाडीचे. २०ची रेषा नदी कोठे ओलांडणार? नदीचे पात्र समुद्रसपाटीपासून २० मीटरवर येईल तेथेच. आपल्या खाड्या म्हणजे समुद्राने भरलेल्या जुन्या नदीदऱ्या आहेत. त्यांचे पात्र मैलोन्‌मैल समुद्राच्या पातळीलाच असते. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर २०ची रेषा पात्र ओलांडूच शकत नाही, हे नकाशा न पाहताही सांगता येईल. वाशिष्ठीत दाभोळच्या मुखापासून चिपळूणलगतच्या गोवळकोटपर्यंत भरती येते, म्हणजे तेवढ्या संपूर्ण लांबीत दोन्ही काठांच्या २०च्या रेषा समोरासमोर धावत राहणार आणि भेटणार नाहीत. आपल्या तक्त्यावर खाडी कोरी दिसते ती म्हणूनच. रेषा जेथे भेटतात ती जागा शोधायची असेल तर वरच्या अंगाचा, म्हणजे पूर्वेचा पुढचा तक्ता जोडून पाहावा.

या ठिकाणी मला एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. सर्वेक्षक काकांनी म्हटलेले मौन सड्यावर माणसाला फार तर वळसा घालायला लावते. नदीकाठी त्याची किंमत फार मोठी असते. खाजण, भातमळे, आगर, बाजारपेठ, बसस्थानक, हे सगळे समुद्र आणि २०ची रेषा यांच्या मधल्या एकाच कोऱ्या पट्ट्यात बसते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये जो पूर आला त्याचे पाणी घरांच्या पहिल्या मजल्यांना भिडले, आणि तरी त्या साऱ्या पुराची चढउतार नकाशातल्या एका रेषेचीही नव्हती. नकाशात पांढरी दिसणारी नदीकाठची जागा सपाट आहे, म्हणून घरासाठी सोयीची, असा अर्थ कोणीही काढू नये. पुराचा विचार करायला अर्धा-एक मीटर अंतराच्या रेषा लागतात आणि त्या १:५०,०००च्या तक्त्यावर मागायच्याच नसतात.

अभियंता, देवरुख

वरची उत्तरे उत्तम आहेत. फक्त एक सुचवतो: २० मीटरांच्या अंतरावर अडून राहण्याचे आता कारण नाही. फेब्रुवारी २०००मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारने जगाच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली गेली आणि ती साधारण ३० मीटरांच्या चौकटींत विनामूल्य मिळते. आपल्या इस्रोनेही २००५मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या चित्रांवरून उंचीचे प्रारूप तयार केले असून ते भुवन या संकेतस्थळावर आहे. संगणकावर अशी माहिती घेऊन दर ५ मीटरांच्या रेषा काही मिनिटांत काढता येतात. घळ त्यात दिसावी.

मुलांसाठी आणखी एक उदाहरण. रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल सुमारे ६४ मीटर उंच आहे. रूळ ते नदीपात्र एवढ्या उतारात २०च्या पटीतल्या किमान तीन उंच्या यायलाच हव्यात, म्हणजे दरीच्या प्रत्येक काठावर किमान तीन रेषा. तक्ता उघडून मोजायला सांगावे.

निवृत्त सर्वेक्षक

पुलाचे उदाहरण फार आवडले. ५ मीटरांच्या रेषांविषयी मात्र मला स्पष्टपणे असहमती नोंदवावी लागेल, कारण शिक्षक आणि विद्यार्थी यावर विसंबतील.

संगणकाला सांगितले तर तो एका मीटरच्याही रेषा काढून देईल. त्या रेषा किती दाट आहेत यावरून मूळ मोजमाप किती सूक्ष्म होते हे ठरत नाही. आपण उल्लेखलेल्या रडार मोजणीत उंचीची अपेक्षित अचूकता १६ मीटर ठरवलेली होती. बऱ्याच ठिकाणी ती त्याहून चांगली निघाली, पण दर ५ मीटरच्या रेषेचा भार ती पेलू शकत नाही. चौकट ३० मीटरांची आणि घळ २० मीटरांची, म्हणजे घळ आणि तिचे दोन्ही काठ यांची एकच सरासरी उंची आकड्यात उतरते. तिसरी अडचण खास आपली आहे: ते रडार झाडांच्या शेंड्यांच्या दाटीवरून बरेचसे परत फिरते, त्यामुळे जुनी आंब्याची बाग किंवा माडांचे आगर हे संगणकाच्या रेषांत लहानशी टेकडी होऊन बसते. समुद्रकाठच्या सपाट आगरात मी अशी टेकडी स्वतः पाहिली आहे, जेथे वर जाण्यासाठी एक पायरीही नव्हती. हे साधन वाईट नाही. एखाद्या मोठ्या दरीचा पाणलोट काढायला ते फार उपयोगी पडते. घळीच्या काठावर ते कामाचे नाही.

बंदरकाठ

फोनचा प्रश्न मागे राहिला, म्हणून लिहितो. सागरी मोजणीच्या कामाशी माझा संबंध होता.

उंची मोजायची तर शून्य कोठे आहे ते आधी ठरवावे लागते, आणि फोनचे शून्य व तक्त्याचे शून्य वेगळे आहे. तक्त्यावरचे शून्य म्हणजे सरासरी समुद्रसपाटी. भारतात ती नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या दीर्घकाळच्या नोंदींवरून ठरवली गेली आणि १९०९च्या सुमारास तिच्यावर देशभरच्या उंचीचे जाळे बसवले गेले. त्या नवांत आपले मुंबईचे अपोलो बंदर आहे, जेथे १८७८पासूनच्या नोंदी आहेत, आणि दक्षिणेचे कारवारही आहे. फोनला उपग्रहांकडून मिळते ती उंची मात्र पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासूनची असते. समुद्र त्या लंबगोलावर नेमका बसत नाही. पृथ्वीच्या पोटातल्या वस्तुमानाच्या असमान वाटणीमुळे तो कोठे वर, कोठे खाली राहतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो लंबगोलाच्या शंभर मीटरांहून अधिक खाली आहे, जगातली ही सर्वांत मोठी घट, आणि तिच्या उताराचा परिणाम आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. कोकणात समुद्र लंबगोलाच्या साठ मीटरांहून अधिक खाली आहे. फोनने जेटीवर दाखवलेला उणे आकडा म्हणूनच बरोबर होता. काही फोन व ॲप ही दुरुस्ती स्वतःच करतात आणि काही करत नाहीत, त्यामुळे एकाच जेटीवर दोन मुलांच्या फोनमध्ये साठ मीटरांचा फरक दिसू शकतो.

उपाय सोपा आहे. जेटीवरचा आकडा लिहून घ्यावा, मग सड्यावर जाऊन त्याच फोनने पुन्हा पाहावे आणि दोहोंतला फरक काढावा. दोन-चार किलोमीटरांत समुद्र आणि लंबगोल यांच्यातले अंतर फारसे बदलत नाही, म्हणून फरक उपयोगी पडतो. तरीही उपग्रहांवरून मिळालेली उभी मोजणी आडव्या मोजणीपेक्षा नेहमी ढिली असते, हे लक्षात असावे.

ज्या फोनमध्ये हवेचा दाब मोजण्याची सोय आहे, त्यांची गोष्ट निराळी. समुद्रसपाटीजवळ सुमारे आठ-साडेआठ मीटर वर गेल्यावर दाब एक हेक्टोपास्कलने घटतो, हे त्यांचे तत्त्व. पण आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा असतो. म्हणजे सकाळी सड्यावर ठेवलेला फोन जागचा न हलवता दुपारी पाहिला तर तो वीसेक मीटर वर गेल्यासारखा दिसेल, जवळजवळ एक संपूर्ण समोच्च रेषा. सहलीत दर तासाला माहीत असलेल्या उंचीवर तो पुन्हा जुळवून घ्यावा.

एक पुस्ती जोडतो. सरासरी समुद्रसपाटी म्हणजे भरतीची रेषा नव्हे. मुंबईस उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांहून अधिक असतो, सिंधुदुर्गाकडे तो कमी होत जातो. तक्त्यावरचा किनारा भरतीच्या पाण्याच्या रेषेवर काढलेला असतो, आणि नाविक नकाशातली खोली ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजलेली असते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून उंची आणि खोली यांची सरळ बेरीज करू नये.

कलमबाग

मी शिकवत नाही, बाग करतो. पण बाईंना मुलांसाठी काही सुचवतो.

समोच्च रेषा आम्ही दरवर्षी जमिनीवर काढतो. वरकस जमिनीच्या उतारावर पावसाचे पाणी अडवायला समपातळी चर खणतात. चर पातळीत नसला तर पाणी एका टोकाला धावते, तेथून फोडून जाते आणि चराचा व्हाळ होतो, म्हणून खणण्याआधी फक्कीने रेषा मारून घ्यावी लागते. त्यासाठी गवंड्यांकडे असते तशी पारदर्शक पाण्याची नळी आणि दोन सारख्या उंचीच्या काठ्या पुरतात. नळीची दोन्ही टोके काठ्यांना बांधायची, आत पाणी भरायचे, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक मुलगा जागेवर उभा राहील, दुसरा दहा-बारा मीटरांवर वर-खाली सरकत राहील आणि दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेवर आले की तेथे खुंटी मारायची. मग मागचा पुढे. वीस खुंट्या झाल्या की त्यांच्यामधून फक्की ओढायची. ती समोच्च रेषा झाली. पऱ्याशी आल्यावर ती आपोआप वरच्या अंगाला वळेल.

पावसाळ्यात तर हे काम निसर्गच करतो. लावणीच्या वेळी कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, पाणी उभे असते, त्या पाण्याची कड ही अचूक समोच्च रेषा. उतारावर एकाखाली एक कुणगे पाहावेत. त्यांचे बांध कसे वळत गेले आहेत ते पाहिले तर डोंगराचा नकाशाच समोर असतो, आणि तेथे दोन रेषांमधले अंतर वीस मीटर नसून हाता-दोन हातांचे असते.

गुहागरची शिक्षिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे आल्यावर दोन शनिवार आम्ही मैदानात आणि सड्यावर घालवले, म्हणून कळवायला उशीर झाला.

नळीचा प्रयोग शाळेच्या उतारावर केला. पहिल्या खेपेस नळीत बुडबुडा राहिल्यामुळे रेषा उतारावरून घसरत गेली आणि चार खुंट्यांनंतर ते लक्षात आले. दुसऱ्या खेपेस एकवीस खुंट्या झाल्या. सतराव्या खुंटीला शाळेजवळचा कोरडा पऱ्या लागला, आणि काठी धरलेल्या मुलीला कोणी न सांगता वरच्या बाजूला चढत जावे लागले. ती थांबली, मागे वळून खाली पाहिले आणि म्हणाली, "बाई, टोक उगमाकडे आलं." खाडीकाठच्यांनी लिहिले होते ते असे पायांनी कळले. नंतर मी फळ्यावर दहा वळणे काढली, फक्त आकडे बदलून, आणि एकाही मुलाने सोंड आणि दरी यांची अदलाबदल केली नाही.

पूर्वेचा तक्ताही जोडला आणि २०च्या दोन रेषा नदीवर भेटतात ती जागा मुलांनीच शोधून तिच्याभोवती वर्तुळ केले. फोनचा फरक जेटी ते सडा असा तीन वेळा घेतला. तो १०८, ११६ आणि ११३ आला. नकाशा १०० ते १२० म्हणतो, म्हणजे तिन्ही आकडे त्या कोऱ्या जागेत बसतात.

सड्यावर या वेळी गावातल्या एका अनुभवी गृहस्थांना बरोबर घेतले. त्यांनी घळीच्या कडेवरून दोरीला दगड बांधून सोडला आणि आम्ही दुरून, आखलेल्या रेषेमागे उभे राहून दोरी मोजली. १३ मीटर भरली. आमच्या छापील प्रतीवर १००च्या रेषेच्या आत, जेथे काहीच नव्हते, तेथे मुलांनी पेन्सिलीने घळीची एक बारीक काळी रेघ काढली, शेजारी '१३ आर' लिहिले आणि खाली मोजणीची तारीख घातली.